ढवळणाऱ्यांचं घर

थोरल्या नातीचं एक वागणं मोठ्या आईला अजिबात खपत नव्हतं. पोरीच्या तोंडात 'नाही' हा शब्दच नव्हता. दुकानदाराने कालचा पाव पुढे केला की ही मुकाट्याने घ्यायची. खालच्या मजल्यावरच्या शिवणवालीने मांजर सांभाळायला दिलं की सांभाळायची, वर मांजराने ओरबाडलं तर मांजराचीच समजूत काढायची. आवाज असा की दाराबाहेर उभी राहून हाक मारायची आणि आत सगळ्यांना वाटायचं, कुठला तरी नळ गळतोय. म्हणून घरात तिला चिमणी म्हणत. मोठ्या आईला ते नावही पटत नसे. चिमण्या निदान भांडतात तरी, असं तिचं म्हणणं होतं.

स्वतः मोठी आई शाळेची पायरी चढली ती उतरण्यापुरतीच. सही करायची आणि आकडे वाचायचे, एवढं तिला येत होतं. बाकीचं जग तिने जिभेवर चालवलं. मालगोदामाच्या फाटकाशी तिची खाणावळ होती. हमाल, ट्रकवाले, पहारेकरी तिच्या पातेल्यांवर जगले, आणि अन्न करपलं म्हणून एकानेही कधी ताट मागे सारलं नाही. याचं सगळं श्रेय तिच्या एका नियमाला होतं. गॅसजवळून जाणाऱ्याने पातेलं ढवळल्याशिवाय पुढे जायचं नाही. पाणी प्यायला आलात, ढवळा. काड्यापेटी मागायला आलात, आधी ढवळा आणि मग मागा. खाणावळ बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण नियम तिच्याबरोबर घरी आला आणि सगळ्यांच्या हातात मुरला. मुलगा फोनवर बोलत स्वयंपाकघरातून गेला तरी त्याचा मोकळा हात आपोआप डावाकडे जायचा. शिवणवाली कात्री परत करायला यायची, तीही ढवळून जायची. आपल्या घरात बुडाला काही लागत नाही, हे सांगताना मोठ्या आईची मान अशी ताठ व्हायची की समोरच्याला आपोआप सावरून बसावंसं वाटे. गोडाधोडाचा मात्र तिला कंटाळा. गोड खायचं ते दुकानातून आणायचं, त्यासाठी आपला गॅस जाळायचा नाही.

तर ही चिमणी एका दुपारी घरी आली आणि खांद्यावरची पिशवी उतरवायच्या आधीच सांगू लागली की, अन्नप्रक्रियेच्या वर्गात गटागटाने एनर्जी बार तयार करायचा आहे, घरात मिळणाऱ्या सामानातून, कृती आपली आपण बसवायची, आणि त्यांच्या गटाची प्रमुख ती आहे.

तुला प्रमुख कुणी केलं, असं मोठ्या आईने विचारलं. चिमणी म्हणाली की कोण होणार असं बाईंनी विचारलं तेव्हा कुणीच बोललं नाही. तीही बोलली नाही. पण बाकीच्यांनी माना खाली घातल्या आणि हिची तेवढी राहून गेली.

पुढचं ऐकल्यावर मात्र मोठ्या आईने हातातली भाजी बाजूला ठेवली. शहरातले सायकलवाले महिनाअखेरच्या रविवारी डोंगरापलीकडच्या लांब फेरीला निघणार होते. ज्या गटाचा बार खिशात धक्के खाऊनही अखंड राहील, तो त्यांच्याबरोबर जाणार. आणि मागच्या सहामाहीत चिमणीचा गट कुणाच्या तरी भलत्याच सूचनेमागे जाऊन तोंडघशी पडला होता, तेव्हा बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की, मुलगी हुशार आहे पण कुणाच्याही मागे जाते, आता पुन्हा फसली तर पुढच्या वर्षाला घेणार नाही. चिमणीला तर पुढे जाऊन बेकरीच काढायची होती. लहानपणी ती मातीच्या पावांना भाव लावून विकायची, आणि मोठी आई गिऱ्हाईक होऊन घासाघीस करायची. त्या खेळातसुद्धा पोरगी पहिल्याच झटक्याला भाव उतरवायची.

"म्हणजे वडीच करायची ना," मोठी आई म्हणाली. "नाव केवढं मोठं. बोलव सगळ्यांना इथे. आपला गॅस मोठा आहे."

गटात आणखी दोघं होती. एक लंबू. तो चौकटीखालून वाकून आत यायचा आणि वजनकाटा तान्ह्या मुलासारखा छातीशी धरून आणायचा. दुसरी एक गोल चेहऱ्याची मुलगी. ती जिना चढताना बोलायला सुरुवात करायची आणि परत जाताना कोपरा वळली तरी ऐकू यायची. मोठ्या आईने पहिल्याच दिवशी तिचं नाव रेडिओ ठेवलं. तिला राग आला नाही. आधीच्या शाळेत मला भोंगा म्हणायचे, त्यापेक्षा हे बरं आहे, असं तिने सांगितलं, आणि भोंगा का म्हणायचे ते सांगण्यात शेंगदाणे भाजून झाले.

पहिल्या खेपेला चिमणीने आपला गुण दाखवला. रेडिओला चॉकलेट हवं होतं. लंबूला सूर्यफुलाच्या बिया, भोपळ्याच्या बिया आणि जवस. चिमणीचा बाप विजेची कामं करायचा. तो दमून आला आणि म्हणाला की खारं काहीतरी टाका, उन्हात खारंच बरं वाटतं. शिवणवालीने आपल्या घरचे अंजीर आणून दिले. चिमणी सगळ्यांना हो म्हणाली. तयार झालेल्या ढिगाकडे पाहून मोठी आई म्हणाली की यात आता फक्त खिळे राहिलेत. बापाने खिशातून दोन काढून विचारलं, "टाकू का?"

वडी टिकते की नाही हे ठरवायला चिमणीची आई, म्हणजे मोठ्या आईची सून, होती. ती टपालवाली. खांद्यावर पिशवी, पायाखाली चढउताराचे रस्ते, दिवसभर जिने. तिच्या कोटाच्या खिशात जे टिकेल ते सायकलवर टिकेल, हा शोध लंबूचा, आणि मोठ्या आईलाही तो मनापासून आवडला. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे दाराशी वाट पाहत उभे राहिले. सुनेने उंबऱ्यात येऊन खिसा उलटा केला. भुसा पडला. तिने सांगितलं की अर्ध्या वाटेपासून कबुतरं मागे लागली होती, आणि ज्या घरातला कुत्रा रोज तिच्यावर दात काढतो, तो आज तिच्या खिशाशी प्रेमाने वागला.

हसून हसून रेडिओची मुरकुंडी वळली. चिमणीही हसली, पण तिने खाली बसून तो भुसा चिमटीत धरून पाहिला. मोठ्या आईला तिचं ते पाहणं आवडलं. पोरीत काहीतरी आहे, फक्त ते आतल्या खोलीत दडून बसलंय, असं तिला वाटलं.

दुसऱ्या खेपेला त्यांनी सामान कमी केलं. ओट्स, शेंगदाणे, सूर्यफुलाच्या बिया, बेदाणे, आणि हे सगळं धरून ठेवायला साखरेचा पाक. लंबूने एकेक गोष्ट काट्यावर अशी तोलली की जणू तो औषध देतोय. मोठ्या आईने स्टूल ओढून गॅससमोर ठाण मांडलं. आपण फक्त बघतोय, असं तिने जाहीर केलं. पण बघता बघता तिने ओट्स परत भाजायला लावले, डबा बदलायला लावला, ताटाला तूप कमी लागलंय हे तीनदा सांगितलं, आणि पाक मात्र स्वतः सांभाळला. तो बुडाला लागू देईल तर ती मोठी आई कसली.

घरात असा उत्साह कितीतरी दिवसांत आला नव्हता. बाप कामावरून लवकर येऊ लागला. शिवणवाली मशीन बंद करून वर यायची. सून बूट काढायच्या आधी विचारायची की आज कुठवर आलं. पाक उकळायला लागला की सगळे एकेक करून डोकावायचे, वास घ्यायचे, डाव फिरवायचे आणि आपलं मत देऊन जायचे. एका खेपेला बाप म्हणाला की या वडीला नाव द्यायला हवं. रेडिओने एका दमात इतकी नावं सांगितली की शेवटी मोठ्या आईने तिच्या तोंडात बेदाणे भरले.

वडी दिसायला झकास झाली होती, आणि सुनेच्या खिशात पुन्हा तिचा भुसा झाला. तिसरीचाही झाला. आता चव अशी होती की भुसासुद्धा भांडून संपायचा, पण सायकलवाल्याने डोंगर चढताना चमच्याने खायचं का?

मोठ्या आईने दोष ओट्सना दिला. मग डब्याला, मग लंबूच्या काट्याला, आणि शेवटी सगळ्या कॉलेजला. लंबू दुखावला. त्याने तेच सामान, तीच वजनं आपल्या मावशीकडे नेली, जिथे तो राहत होता, आणि एकट्याने वडी करून आणली. टेबलावर आपटली तर टक्क असा आवाज आला. सुनेच्या खिशातून ती जशी गेली तशी परत आली, कोपरे धारदार.

आता खरी मजा सुरू झाली. तीच साखर, तेच ओट्स, तिथे जमतं आणि इथे भुसा. बापाने गॅसची नळी तपासली. लंबूने मावशीचं पातेलं उचलून आणलं. त्यात केली, तरी भुसा. रेडिओ म्हणाली की खोली दमट असेल. शिवणवाली म्हणाली की नजर लागली असेल, तर मोठ्या आईने तिला विचारलं की तुझ्याशिवाय वर कोण येतं. मग लंबूनेच इथे पुन्हा करावी असं ठरलं. लंबूने केली. भुसा. तो बिचारा आपल्या हातांकडे पाहत बसला.

त्या खेपेला मोठ्या आईच्या एक गोष्ट लक्षात आली. चिमणी पातेल्याकडे पाहतच नव्हती. ती दाराशी टेकून माणसांकडे पाहत होती. बाप आला, पाणी प्यायला, डाव फिरवून गेला. चिमणीची नजर त्याच्या हातावर. सून आली, चष्मा शोधत, डाव फिरवून गेली. नजर तिच्या हातावर. शिवणवाली, तसंच. मग मोठ्या आईने स्वतः डाव हातात घेतला, तेव्हा पोरीचं तोंड उघडलं आणि मिटलं.

"बोल की," मोठी आई म्हणाली. "पाण्यातल्या माशासारखं काय करतेस?"

चिमणी म्हणाली की काही नाही.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजातून आली तीच वेगळी आली. बाईंना काहीतरी विचारून आली होती. लंबूशी जिन्यात कुजबुज झाली, रेडिओ चक्क गप्प होती, आणि मोठी आई दिसली की तिघंही भिंतीवरचं कॅलेंडर वाचायची. मोठ्या आईने एवढ्या हमालांचा पोटापाण्याचा कारभार पाहिलेला. लपवाछपवीचा वास तिला करपल्या अन्नाच्याही आधी यायचा. पण तिने विचारलं नाही. हिच्या तोंडून आपणहून काही निघतंय का, हेच तिला पाहायचं होतं.

शेवटची खेप फेरीच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी ठरली. त्या दिवशी टपालाच्या दोन फेऱ्या असायच्या. पहिल्या फेरीनंतर सून घरी येणार, वडी खिशात घालणार, दुसरी फेरी करून परत येणार. ती वडी टिकली तर संध्याकाळी बाईंकडे जायची, नाहीतर चिमणीचं पुढचं वर्ष तिथेच संपलं. लंबूने मावशीकडे केलेली वडी बाईंना दाखवा, असं बापाने सुचवलं होतं. चिमणीने मान हलवली. ती एकट्याची आहे, गटाची नाही, असं ती म्हणाली. मोठ्या आईने कान टवकारले. हे 'नाही' नव्हतं, पण 'नाही'च्या जवळपास राहणारं काहीतरी होतं.

सकाळी साखर विरघळली, आच मोठी झाली, आणि चिमणी गॅसकडे पाठ करून उभी राहिली. दोन्ही हात आडवे पसरलेले, जशी काही मागे सबंध शाळा रस्ता ओलांडतेय.

पहिला बाप आला. त्याचा हात सवयीने पुढे गेला तो पोरीच्या कोपरावर अडला. "आज नको, बाबा," ती म्हणाली. त्याला आपण काय करायला निघालो होतो तेच कळेना. तो पाणी न पिताच परत गेला आणि बाहेर जाऊन रेडिओला विचारू लागला की स्वयंपाकघरात काय झालंय. मग शिवणवाली आली. तिलाही तेच. तिने मोठ्या आईकडे अशा नजरेने पाहिलं की, पाहा, तुमच्या राज्यात हे असं चाललंय.

मोठी आई स्टुलावरून उठली. खुंटीवरून डाव घेतला. तिची पावलं नेहमीपेक्षा मोठी वाजू लागली. पातेल्यात पाक रटरटत होता. एवढ्या मोठ्या आचेवर, एकटा, कुणी विचारणारं नाही.

"बाजूला हो," ती म्हणाली. "लागेल बुडाला."

"नाही."

शब्द लहानच होता. पण तो या घरात, या गॅसपुढे, डाव हातात असलेल्या मोठ्या आईला आजवर कुणी ऐकवला नव्हता. तिच्या नवऱ्यानेही नाही, आणि तो तर पहारेकऱ्यांचा मुकादम होता.

"काय म्हणालीस?"

चिमणी जागची हलली नाही. हातही खाली आले नव्हते. "हात लावायचा नाही, मोठी आई. कुणीच नाही. तूसुद्धा. साखर विरघळल्यावर पाक ढवळला की त्यात परत साखरेचे कण धरतात. मग तो भुसभुशीत होतो, काही धरून ठेवत नाही. लंबूच्या मावशीकडे घरात कुणी नसतं. आपल्याकडे सगळे आहेत."

"हे तुला कधी कळलं?"

"परवा."

"मग परवा का नाही बोललीस?"

"तू रागावशील म्हणून."

"आणि आज नाही रागावणार?"

"रागावशील," चिमणी म्हणाली. तिचा आवाज थरथरला, पण नळासारखा नाही, घंटेसारखा. "रागाव. पण आधी पाक होऊ दे."

दाराशी उभ्या असलेल्या बापाने डोळे मिटून घेतले. लंबू काट्याच्या मागे लपला, म्हणजे त्याचं जेवढं लपण्यासारखं होतं तेवढं. मोठ्या आईने डाव वर धरला. तो तसाच वर राहिला. पोरीच्या खांद्यावरून तिने पाकाकडे पाहिलं, मग पोरीकडे पाहिलं. मग वळून स्टुलावर जाऊन बसली आणि डाव मांडीखाली घातला. हाताचा तिला भरवसा नव्हता.

तिच्या आयुष्यात इतका वेळ तिने पातेल्याकडे नुसतं पाहिलं नव्हतं. बुडबुडे मोठे झाले, मग दाट झाले. आता लागणार, असं प्रत्येक बुडबुड्याला तिला वाटत होतं, आणि तिची बोटं मांडीवर आपोआप गोल फिरत होती. चिमणीने थंड पाण्याच्या वाटीत पाकाचा थेंब सोडला. बोटाने उचलला. गोळी झाली, घट्ट. मग जे झालं ते पाहण्यासारखं होतं. "लंबू, ओट्स. रेडिओ, ताट. बाबा, खिडकी लाव." एकेक हुकूम सुटला आणि एकेक माणूस धावलं. पाक ओट्सवर गेला, कालवलं, डब्यात दाबलं, वरून लंबूने आपल्या लांब हातांचा सगळा भार टाकला. बुडाला काहीही लागलं नव्हतं. मोठ्या आईने हळूच पातेल्यात डोकावून खात्री करून घेतली, आणि खात्री झाल्यावर तिला पातेल्याचाच थोडा राग आला.

वडी कापताना सुरी करकरली. तो आवाजच वेगळा होता. सून पहिल्या फेरीवरून आली, उभ्याउभ्या पाणी प्यायली, वडी खिशात टाकून गेली. जाताना जिना मुद्दाम उड्या मारत उतरली, तिच्या वयाला ते शोभत नव्हतं.

दुपार काही सरेना. रेडिओ इतकी गप्प होती की मोठ्या आईनेच तिला विचारलं की बरं वाटत नाही का. शिवणवाली तीन वेळा वर आली, तिन्ही वेळा सुई राहिली म्हणून. बाप खिडकीत उभा. शेवटी तोच ओरडला की आली, कोपऱ्यावर आहे, आणि मागे कबुतर नाही. ते ऐकून लंबू उठला आणि त्याने चौकटीवर डोकं आपटून घेतलं.

सून उंबऱ्यात आली. तिने खिसा उलटा केला. भुशाचा कणही पडला नाही. मग दुसरा हात पाठीमागून पुढे आणला, आणि वडी टेबलावर टाकली. टक्क.

मग घरात जो गोंधळ झाला त्याचं वर्णन रेडिओने नंतर कितीतरी जणांकडे केलं, आणि प्रत्येक वेळी तो वाढत गेला. बापाने चिमणीला उचललं. लंबूने वजनकाट्याची पापी घेतली. वडीचा तुकडा सगळ्यांच्या वाट्याला आला. शिवणवालीचा दात हलला, आणि तिने तो अभिमानाने सगळ्यांना दाखवला. रविवारी ती वडी डोंगर चढणार होती, यात आता कुणाला शंका उरली नव्हती.

मोठी आई तेवढी जागची हलली नव्हती. हळूहळू सगळ्यांच्या लक्षात ते आलं, आणि गलका विझत गेला. चिमणी पुढे येऊन तिच्यासमोर उभी राहिली. आता पाक झाला होता, म्हणजे रागवायची वेळ आली होती, आणि ते तिनेच कबूल केलं होतं.

मोठ्या आईने मांडीखालचा डाव काढला. पदराने पुसला, नीट, दांड्यापासून टोकापर्यंत. मग तो पोरीच्या हातात दिला.

"माझ्याच घरात, माझ्याच गॅसपुढे, मला आडवी आलीस," ती म्हणाली. "उद्धट झालीस तू. आता तशीच राहा. उद्यापासून या पातेल्यांना कुणी हात लावायचा आणि कुणी नाही, ते तू सांगायचं, आणि सांगताना माझ्या तोंडाकडे बघितलंस तर हाच डाव पाठीत घालीन."